मिस्टर बीनचा अख्खा डीव्हीडी सेट: मोठ्या मायसोबत बघितलेला, आणि त्यामुळे जरा मोठा झालेला रिव्ह्यू

आधी एक सांगून टाकतो, मी हा सेट स्वतःसाठी घेतलाच नव्हता. आमच्या घरी आजीला मोठी माय म्हणतात, वय पंच्याऐंशीच्या पुढं, कानानं जवळजवळ ऐकूच येत नाही, मशीन आणून दिलं होतं तर ते कानात शिट्टी मारतं म्हणून डब्यात ठेवून दिलं. बोलायची भाषा फक्त अहिराणी, मराठी समजते पण बोलत नाही. टीव्हीवरच्या मालिका म्हणजे सगळी नुसती बडबड, दोन बाया समोरासमोर उभ्या राहून बोलतात आणि ही बिचारी तोंडं हलताना बघत बसते. शेती वाट्यानं दिली, बाहेर उन्हामुळं जाववत नाही, पारोळ्याचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको, दुपारी बारा ते पाच माणूस घरात कोंडलेला. मग डोक्यात आलं की जगात अशी एक तरी गोष्ट आहे जी बघायला कान लागत नाहीत आणि भाषाही लागत नाही, आणि ती आपण लहानपणी पोगोवर बघत होतो.

फुकट यूट्यूबवर आहे की, मग डीव्हीडी कशाला, असं सगळेच विचारतात. मी आधी तेच केलं होतं. पण तिथं बरेचसे तुकडे आहेत, एका भागातला समुद्राचा सीन, दुसऱ्यातला हॉटेलचा सीन, सगळं जोडून केलेलं, आणि मध्येच जाहिरात. मोठ्या मायला वाटायचं की जाहिरातीतला टाइल्सवाला माणूस पण गोष्टीतलाच आहे, मग तो परत का नाही आला म्हणून ती वाट बघत बसायची. तेव्हा ठरवलं, पूर्ण भाग हवेत, सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

सेट ऑनलाइन एका जुन्या मालाच्या विक्रेत्याकडून घेतला, वापरलेला, इंग्लंडहून आलेला. इथं एक महत्त्वाचं, नाहीतर पैसे वाया जातील. डीव्हीडीला रीजन कोड असतो, इंग्लंडच्या डिस्क दोन नंबरच्या आणि आपला भारत पाच नंबरात. आमच्या जुन्या प्लेयरनं पहिली डिस्क घातल्या घातल्या बाहेर फेकली. मला वाटलं डिस्कच खराब, विक्रेत्याला रागानं मेसेज पण केला, नंतर कळलं की प्लेयरचं लॉक आहे. गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं रिमोटवर काहीतरी आकडे दाबून ते लॉक काढून दिलं, चहाचे पण पैसे घेतले नाहीत. तर ऑर्डर करायच्या आधी तुमचा प्लेयर सगळे रीजन घेतो का ते बघून घ्या. एक डिस्क मात्र खरंच ओरखडलेली निघाली, चित्र अडकायचं, ती विक्रेत्यानं बदलून दिली पण नऊ दिवस लावले आणि तीन वेळा फोटो मागितले. त्याबद्दल एक स्टार कापतो.

आता माल काय आहे ते. एकूण १५ भाग, प्रत्येक साधारण पंचवीस मिनिटांचा. पहिला भाग इंग्लंडच्या आयटीव्हीवर १ जानेवारी १९९० ला लागला, त्यानंतर १९९५ पर्यंत अधूनमधून एकेक करत १४ भाग टीव्हीवर आले आणि न्हाव्याच्या दुकानाचा एक भाग त्या वेळी फक्त व्हिडिओ कॅसेटवर निघाला होता, तोही यात आहे. म्हणजे सगळं मिळून सहा-सव्वासहा तास. बस एवढंच. जगभर ज्या माणसाला पोरंसोरं ओळखतात त्याचं मूळ काम एका रविवारी बघून संपतं हे मला सेट हातात घेईपर्यंत माहीतच नव्हतं, मला वाटायचं शेकडो भाग असतील, कारण कार्टून मधला बीन आणि हा खरा बीन डोक्यात एक झाले होते. कार्टून २००२ पासूनचं, त्यात घरमालकीण आहे, तिचं मांजर आहे. या सेटमध्ये ते नाही, इथं खराखुरा माणूस आहे.

चित्र जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकाराचं आहे, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतात. टीव्हीत सेटिंग करून ताणू नका, ताणलं की बीनचा चेहरा रुंद होतो आणि मग सगळी मजा गेली, कारण दुकानातला माल म्हणाल तर तो चेहराच आहे. रंग थोडे फिके. चालतं.

पहिल्याच भागात परीक्षेचा सीन आहे. मी शाळेत शिकवतो त्यामुळं हा सीन मी सुपरवायझरच्या खुर्चीतून बघितला असं म्हणा. बीन बाकावर पेनांची रांग मांडतो, खेळणी मांडतो, पेपर उघडतो तर अभ्यास केला त्रिकोणमितीचा आणि पेपर आलाय कॅल्क्युलसचा, मग शेजाऱ्याच्या पेपरात डोकावण्यासाठी जे जे करतो ना, ते मी दर मार्चमध्ये बघतो, मान न वळवता फक्त डोळे वळवायचे, मग पेन पाडायचा, मग उगाच वर पंख्याकडे बघायचं. आणि वेळ संपल्यावर कळतं की पाकिटात दोन्ही पेपर होते, हिरवा कॅल्क्युलसचा आणि पांढरा त्रिकोणमितीचा. मोठी माय शाळेत कधीच गेली नाही तरी तिला पूर्ण कळलं की पोरगं नक्कल करतंय. तिनं मला हातानं खूण केली, बघ बघ, धर त्याला.

आणि मग जे झालं त्यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला बसलो.

तिला ऐकू येत नाही म्हणजे मागचा प्रेक्षकांच्या हसण्याचा आवाजही येत नाही. आपण बघतो तेव्हा ते हसू आपल्याला सांगत असतं की आता हसा, आणि आपण हसतो, लक्षातच येत नाही. मोठी माय मात्र वेगळ्याच जागी हसायची, आणि जिथं टीव्हीतले लोक खो खो हसतात तिथं ती गप्प. सुरुवातीला मला वाटलं तिला समजत नाहीये. मग हळूहळू लक्षात आलं की तिला माझ्यापेक्षा जास्त समजतंय.

बीनची ती छोटी मिनी गाडी आहे बघा, पोपटी-पिवळट रंगाची आणि पुढचं बॉनेट काळं. तो दाराला बाहेरून कडी लावतो, कुलूप घालतो, वर स्टिअरिंग काढून बरोबर घेऊन जातो. टीव्हीतले लोक जोरात हसले. मोठ्या मायनं मान डोलावली आणि म्हणाली, "शहाना शे." तिच्या दृष्टीनं त्यात हसण्यासारखं काय? आपण शेतातल्या खोलीला कडी-कुलूप लावतो, मोटरीचा स्टार्टर काढून घरी आणतो, नाहीतर सकाळपर्यंत राहील का तो तिथं. मीही मग तो सीन तिच्या डोळ्यांनी बघितला आणि खरंच, तो माणूस वेडा नाहीच आहे, तो प्रत्येक गोष्टीला स्वतःचं एक उत्तर शोधतो, फक्त आजूबाजूला कुणी सांगणारं नाही की लोक हे असं करत नाहीत.

बागेतला सँडविचचा सीन तर तिनं तीनदा लावायला लावला. बाकावर शेजारी एक नीटनेटका माणूस आपलं बांधून आणलेलं सँडविच खातोय, आणि हा कोटातून अख्खा पाव काढतो, कात्रीनं कापतो, कार्डानं लोणी लावतो, पाला नळावर धुतो आणि मोज्यात घालून गरगर फिरवून पाणी काढतो, मिरी रुमालात गुंडाळून बुटानं ठेचतो. मोज्याचं बघून तिला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावला, मेथी धुतली की फडक्यात बांधून झटकतात ते तिनं आयुष्यभर केलंय, याचं फडकं फक्त पायातलं निघालं. पण बरणीतला जिवंत मासा काढून बाकावर आपटतो तिथं तिनं तोंड फिरवलं, आम्ही माळकरी, तेवढा भाग मी आता पुढं ढकलतो. तो शेजारचा माणूस म्हणजे अँगस डीटन नावाचा नट, तो एक शब्द न बोलता नुसता बघतो, आणि मला तर वाटतं अर्ध काम त्याच्या बघण्यानं झालंय. त्याच्याबद्दल पुढं परत येतो.

आता वाढदिवसाचा सीन. बीन एका चांगल्या हॉटेलात एकटाच जेवायला येतो. टेबलावर बसतो, खिशातून कार्ड काढतो, लिहितो, पाकिटात घालतो, चिकटवतो आणि मग जणू आत्ताच कुणी दिलंय अशा आनंदानं ते उघडून टेबलावर मांडतो. लोक हसले, मीही हसलो, लहानपणापासून या सीनला हसतच आलोय. मोठी माय हसली नाही. थोडा वेळ बघत राहिली आणि मला विचारलं, "येले कोनी नही का रे?"

मी काही बोलूच शकलो नाही. रिमोट हातात तसाच.

मग मागं जाऊन एकेक भाग त्या नजरेनं बघितला. त्याला खरंच कुणी नाही. एक कापडी अस्वल आहे, त्याला तो झोपवतो, त्याच्याशी खेळतो. इरमा गॉब नावाची एक मैत्रीण तीनच भागांत येते, आणि नाताळच्या भागात ती दागिन्यांच्या दुकानाच्या काचेत अंगठी दाखवते, तर हा तिला अंगठीऐवजी तिथं लावलेला जोडप्याचा फोटोच आणून देतो, वर डबीत काय तर तो फोटो टांगायचा हूक. ती उठून निघून जाते. त्याला कळतच नाही काय चुकलं. याच भागात टर्कीत डोकं अडकतं तो प्रसिद्ध सीन आहे, मोठ्या मायला टर्की माहीत नाही, तिला आमच्या वासराचं डोकं मडक्यात अडकलं होतं ते आठवलं आणि ती कितीतरी वेळ ती गोष्ट सांगत बसली, डिस्क पॉझवर.

हे सगळं बघून मग मी बीन करणाऱ्या त्या माणसाच्या मागं लागलो, रोवन अ‍ॅटकिन्सनच्या. जे सापडलं ते या सेटसाठी महत्त्वाचं आहे म्हणून सांगतो. जन्म ६ जानेवारी १९५५, इंग्लंडच्या उत्तरेकडं कॉन्सेट नावाचं गाव, वडील शेती करायचे आणि व्यवसायही होता. पोरगं हुशार, न्यूकॅसलला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं आणि मास्टर्सला ऑक्सफर्डला गेलं. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत शेतकऱ्याच्या पोरानं इंजिनिअर होऊन घराचं नाव काढलं, आणि मग गेला नाटकात! तिथं त्याला लेखक रिचर्ड कर्टिस आणि संगीतकार हॉवर्ड गुडॉल भेटले, आणि पुढं या सेटमध्येही तीच माणसं आहेत, लिहायला कर्टिस, जोडीला रॉबिन ड्रिस्कॉल, संगीत गुडॉलचं. कॉलेजातली दोस्ती अशी वीस-वीस वर्षं कामाला येते हे बघून मला फार बरं वाटलं.

आणि गंमत म्हणजे हा मुका बीन करणारा माणूस मूळचा शब्दांचा. १९७९ ते १९८२ बीबीसीवर बातम्यांची टर उडवणाऱ्या कार्यक्रमात होता, १९८१ मध्ये रंगमंचावरच्या शोसाठी लंडनचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला, मग ब्लॅकअ‍ॅडर, टीव्हीवरची विनोदी मालिका, १९८३ ते १९८९, चार सीझन, ज्यात एकेक वाक्य सुरीसारखं. ते मी सबटायटल लावून बघितलं, पहिला सीझन मला जड गेला, दुसऱ्यापासून मस्त, आणि शेवटच्या भागात पहिल्या महायुद्धाच्या खंदकातून सगळे वर चढतात आणि चित्र थांबत जातं तिथं माझ्या डोळ्यात पाणी आलं. इंग्रजी चांगलं असेल तर जरूर बघा. पण मोठ्या मायसोबत नाही जमणार.

या माणसाला लहानपणापासून अडखळत बोलायची सवय आहे, ते त्यानं स्वतः सांगितलंय, आणि दुसऱ्याचं सोंग घेतलं की ते अडखळणं जातं असंही सांगितलंय. माझ्या वर्गात असं एक पोरगं आहे, हजेरीला 'हजर' म्हणायला त्याला वेळ लागतो पण गॅदरिंगला नाटकात खणखणीत बोलतं. मी त्याला हे सांगितलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी विचारायला आला की सर, त्या माणसाचं नाव परत सांगा.

मग १९८६ मध्ये तो न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर शो घेऊन गेला आणि तिथं पडला, एका मोठ्या पेपरात वाईट रिव्ह्यू आला आणि काही दिवसांत शो बंद. पुढच्या वर्षी, १९८७ ला, कॅनडात मॉन्ट्रियलला विनोदाचा मोठा महोत्सव होता तर तिथं त्यानं इंग्रजीवाल्यांचा मंच सोडून मुद्दाम फ्रेंच प्रेक्षकांसमोर जायचं ठरवलं, कारण त्याला बघायचं होतं की ज्यांना आपली भाषा येत नाही त्यांना हे पात्र कळतं का. मला हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे हा योगायोग नाही की पारोळा तालुक्यातली एक बाई खाटेवर बसून त्याला हसते. त्यानं ते तपासून घेतलं होतं. बी पेरायच्या आधी आपण ओल्या फडक्यात बांधून उगवण बघतो, तसं.

पात्राला नाव पण शेवटपर्यंत नव्हतं, भाज्यांची नावं चालली होती, फ्लॉवर पण यादीत होता. शेवटी बीन ठरलं. सुरुवातीला रात्रीच्या रस्त्यावर उजेडाच्या खांबातून तो धपकन पडतो आणि मागं चर्चमधल्यासारखं गाणं लागतं, ते लॅटिन आहे, अर्थ असा की पहा हा माणूस जो घेवडा आहे. मोठ्या मायला गाणं ऐकू येत नाही पण दर भागाला तिचा प्रश्न ठरलेला, "हाऊ वरतून पडना का?" मी हो म्हणतो. तिला ते पटतं. आभाळातून पडलेल्या माणसाला इथल्या रीती कुठून माहीत असणार.

सेटसोबत मी अ‍ॅटकिन्सनच्या लाइव्ह शोची वेगळी डिस्क पण घेतली, अमेरिकेत बोस्टनला शूट केलेली, १९९० नंतर लगेचची. इथं तोच अँगस डीटन जोडीला आहे, पुन्हा सरळ चेहऱ्यानं. यात अर्धं बोलणं आणि अर्धं मूकपणा. सैतान नरकात आलेल्यांचं स्वागत करतो तो तुकडा भारी आहे, हातात यादी घेऊन एखाद्या बँकेतल्या साहेबासारखा सगळ्यांना गटात वाटतो, पण इंग्रजी नीट हवं. मास्तर वर्गात हजेरी घेतो तो तुकडा तर त्यानं १९७९ पासून ठिकठिकाणी केलाय, समोर एकही पोरगं नाही आणि तरी आपल्याला अख्खा वर्ग दिसतो. मी स्वतः मास्तर असून सांगतो, ते नाव घेतल्यावर मान न उचलता थांबणं, ती शांतता, शंभर टक्के खरी आहे. नावांमधले विनोद मात्र मराठीत येत नाहीत, मी घरी समजावून सांगायला गेलो आणि तिसऱ्या वाक्याला सोडून दिलं.

पण न दिसणारे ड्रम वाजवण्याचा तुकडा! काही नाही समोर, हवेत काठ्या फिरवतो आणि प्रत्येक आवाज जिथं हात पडतो तिथूनच येतो. मोठ्या मायला आवाज येत नाही, तरी तिचा हात गुडघ्यावर चालू झाला, आमच्याकडं लग्नात हलगी लागली की होतो तसा. शपथेवर सांगतो, ठेका बरोबर होता.

काय आवडलं नाही तेही सांगतो. सगळे भाग सारखे नाहीत. पहिले सात-आठ उत्तम, शेवटचे काही लांबवलेले वाटतात, गोल्फच्या भागात तर तीच गोष्ट फिरून फिरून येते. रणगाड्याखाली मिनी चिरडते तो भाग मोठ्या मायला अजिबात आवडला नाही, गरिबाची गाडी मोडली म्हणून ती रुसली, आणि मला पण आता तो सीन मजेचा वाटत नाही. डिस्कवर भागांची नावं इतक्या बारीक अक्षरात आहेत की चष्मा लावूनही वाचता येत नाहीत, मी स्केच पेननं मराठीत लिहून ठेवली, परीक्षा, सँडविच, वाढदिवस, कोंबडं. नंतरचे सिनेमे या सेटमध्ये नाहीत, आणि लंडन ऑलिंपिकच्या २०१२ च्या उद्घाटनात तो एका बोटानं एकच सूर वाजवत बसलाय ते पण यात नाही, ते वेगळं शोधून मोठ्या मायला दाखवलं, एवढ्या मोठ्या मैदानात त्याला बघून तिला एकदम घरचा माणूस टीव्हीत दिसल्यासारखं झालं.

कुणी घ्यावा? ज्यांच्या घरी ऐकू न येणारं म्हातारं माणूस आहे त्यांनी नक्की. ज्यांना फक्त पोरांसाठी हवाय त्यांना यूट्यूब पुरेल. प्लेयर नसेल तर त्यासाठी नवा घेऊ नका, आधी शेजाऱ्यापाजाऱ्याकडं माळ्यावर पडलेला मिळतो का बघा, आमच्या गल्लीत दोन निघाले.

आणि एक करून बघा. मागच्या रविवारी जेवणं झाली, शेवभाजी जरा जास्तच झाली होती, लाइट पण नशिबानं होती, तर मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि वाढदिवसाचा भाग परत लावला. घरातल्या सगळ्यांनी तसाच बघितला. त्यानं कार्ड काढलं, लिहिलं, पाकिटात घातलं. कुणीच हसलं नाही. माझी सात वर्षांची पोरगी उठली आणि मोठ्या मायच्या जवळ जाऊन बसली. मग त्यानं कार्ड उघडून टेबलावर उभं केलं आणि इतक्या खुशीत त्याच्याकडं बघितलं की मोठी मायच आधी हसली, आणि तिच्या मागं आम्ही सगळे.

चार स्टार. एक त्या ओरखडलेल्या डिस्कचा.